अजून नाही

हातमोजे काढ, रूबेन.
शून्याखाली आठ आहे, ठाऊक आहे मला.
हीटर पायाशी ओढून घे, पण हातमोजे काढ.
या टेबल-सॉला लोकरीचा एक धागा सापडला
तरी ते मागोमाग आख्खा हात मागतं.
मफलर पण. टोपीची ती लोंबती नाडी पण.
तुझी आजी म्हणेल, एल्मानं पोराला गारठवलं.
म्हणू दे.

प्लग बाहेर आहे ना? बघ. मी सांगितलं म्हणून हो म्हणू नकोस,
वाकून बघ.
आता पातं खाली घे, अजून, अजून थोडं.
दात फळीवर नखभर दिसले की पुरे.
माझा दीर विल्हो पातं पुरं वर काढून ठेवायचा,
म्हणायचा, असू दे, बघायला बरं वाटतं.
पुढे तो बोटांवर हिशेब करायचा
तेव्हा आठावर थांबायचा.

पात्यामागे हे पोलादी पान उभं आहे, चपटं,
ते काढायचं नाही, कितीही आड आलं तरी.
लाकडाच्या पोटातला पीळ बाहेरून दिसत नाही.
चिरलं की तो सुटतो,
फट मिटते, पात्याला चिमट्यात धरते
आणि फळी लाथ मारते.
घोडा बरा, आधी कान तरी पाडतो.

ते भिंतीतलं भोक बघ.
भोवती पेन्सिलीचं वर्तुळ, आत तारीख,
नोव्हेंबरातला एक मंगळवार.
मेपलची फळी होती, चर्चच्या बाकाची.
मी डावीकडे सरकून उभी होते, एवढंच.
भोक बुजवायला हॅनकॉकहून प्लास्टर आणलं त्याच आठवड्यात.
डबा अजून उघडलेला नाही.

बघतोयस तू. बघ, सगळेच बघतात.
ही अर्धी अनामिका करवतीनं नेलेली नाही.
चर्चचं ओकचं दार, ईस्टरची सकाळ,
तळ्यावरून सुटलेला वारा,
आणि माझ्या काखेत भजनांची वही.
करवतीला मी एकतीस वर्षं भिते आहे.
दाराला कोण भितं?
तेव्हापासून तिची पट्टी करंगळी वाजवते,
जरा उशिरा पोचते.
पाद्री हॉकनसन म्हणतात, कुणाला कळत नाही.
तुझ्या आजीला कळतं.

असो. सौनाच्या बाकाच्या पट्ट्या ना? सीडर?
फळीची सरळ कड या कुंपणाला टेकव,
वाकडी टेकवलीस तर मधेच डुलेल ती.
आणि शेवटची वीतभर हातानं ढकलायची नाही,
काठी घे. मोडक्या हॉकी-स्टिकची आहे,
माझ्या भाच्यानं एका हरलेल्या सामन्यानंतर आपटलेली.
टोकाला चावे दिसतात? मोज.
अकरा असतील. बारा.
उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला!

चष्मा. कानांवर ते लाव.
प्लग.
माझ्याकडे बघू नकोस, पात्याकडेही फार नको,
फळी कुंपणाला जिथं टेकते
तिथं बघ.
सरक डावीकडे. आणखी.
घाई झाली असेल तर उद्या ये, मी कुठे जात नाही.
नाही? मग चल.

हं.
हं, ढकलत राहा, मधे थांबू नकोस,
काठी, काठी,
पार पलीकडे.

बंद कर.

तो छोटा तुकडा पात्याशेजारी थरथरतो आहे,
तुझ्या बोटांना तो दिसला आहे, मला कळतं.
विल्होच्या बोटांनाही दिसला होता.
ऐक, सूर उतरतो आहे,
ऑर्गनच्या भात्यातली हवा संपताना उतरतो तसा,
आधी भराभर, मग रेंगाळत.
दात अजून दिसत नाहीत,
नुसतं एक चकचकीत वर्तुळ.
बाहेर बर्फ ढकलणारा ट्रक गेला. आज उशीर झाला त्याला.
आता दिसू लागले, एकेक.
सीडरचा वास येतोय का तुला?
बरं वाटतं ना?

थांब.
अजून नाही.